दोन सूत कमी

कापायच्या टेबलावर चहा ठेवायचा नाही, हा अण्णांचा नियम. तो मोडायला अण्णा गेल्यावर बरोबर एकोणीस दिवस लागले. वहिनीने ट्रे आणला, पुठ्ठ्याचे ताव कोपराने बाजूला सारले आणि पाच कप मांडले. प्रत्येक कप खाली टेकायच्या आत मधलीने, अण्णांच्या लेकीने, त्याच्याखाली एकेक कातरण सरकवलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. इतकी वर्षं टेबलाच्या याच बाजूला उभं राहून हात कुणाच्या लक्षात न येता हलवायची तिला सवय झाली होती.

बोलणं घरात व्हावं असं तिला वाटत होतं. पण दादा म्हणाला, "कारखान्यातच बसू. जागा डोळ्यांसमोर असली की माणूस खरं बोलतो." कारखाना म्हणजे एक लांब खोली, उत्तरेकडे तीन खिडक्या, मधोमध टेबल, टेबलाच्या टोकाला हाताने ओढायची मोठी कातर, आणि भिंतभर फळ्यांवर घडी न घातलेली खोकी. खळीचा आंबूस वास भिंतींत मुरलेला. दारापाशी खिळ्याला अण्णांची दोन फुटी लाकडी पट्टी.

अण्णांच्या स्टुलावर कुणीच बसेना. शेवटी आत्याने ते ओढलं आणि बैठक मारली.

"काय बघताय? स्टूल आहे ते, पुतळा नव्हे. माझे गुडघे काय तुमच्या बापाच्या आठवणीने दुखायचे थांबणारेत?"

धाकटा हसला आणि लगेच कपात बघू लागला. आज तो दादाच्या गाडीतून आला होता. गुरुवारी फोनवर म्हणाला होता, "ताई, मी तुझ्या बाजूने. दादा काही म्हणो." मधलीने गाडीचं दार उघडताना पाहिलं आणि ओळखलं. धाकट्याचं लहानपणापासून हे असंच. शेवटी जो त्याला शेजारी बसवील त्याचा तो. तिने त्याला विचारलं काहीच नाही. त्यानेही कपातून नजर वर केली नाही.

"सरळच बोलतो," दादा म्हणाला. "चार वाजता शहरातल्या खोक्यांच्या कंपनीचा माणूस येणार. जागा त्यांना गोदामासाठी हवी आहे. आपल्या तिघांच्या सह्या लागतील. दोन झाल्यात जमा आहेत. राहिलीस तू."

"आणि गिऱ्हाइकं?" मधली म्हणाली.

"तेच म्हणालीस तू मागच्या वेळी. म्हणून तर मी कंपनीकडून नमुने करून घेतले. तूच मापं लिहून दिलीस ना? शुक्रवारी पोचते केले. आज मेणबत्तीवाल्या काकांना आणि साबणवाल्या बाईंना बोलावलंय, आत्ता येतील. त्यांच्याच तोंडून ऐक. पुढच्या महिन्यापासून त्यांना खोकी कंपनीतून मिळतील, छापील, गुळगुळीत. कुणाचं घोडं अडणार नाही."

दादा वाईट माणूस नव्हता. अठराव्या वर्षी शहरात गेला, कचेरीत लागला, आणि दर सुट्टीला येऊन या खोलीकडे असा बघायचा, जसं कुणी आजारी नातेवाइकाकडे बघावं. त्याच्या लेखी अण्णांनी मधलीला इथे अडकवून ठेवलं होतं आणि आता सोडवायचं काम त्याच्याकडे आलं होतं.

"वन्सं, खोली अगदी तयार आहे," वहिनी मऊ आवाजात म्हणाली. "मागची. खिडकी लहान आहे, पण उजेड येतो. कपाटाचे दोन खण रिकामे करून ठेवलेत मी."

दोन खण. मधलीने मान हलवली. वहिनीने मनापासून रिकामे केले असणार, खाली कागदही अंथरला असणार. त्या कागदाचे कोपरे नीट दुमडलेले नसणार हेही तिला ठाऊक होतं, आणि असलं काहीतरी मनात येतं याची तिला लाज वाटली.

दार ढकलून मेणबत्तीवाले काका आत आले. हातात पिशवी. बसा म्हणायच्या आत त्यांनी पिशवीतून एक चकचकीत खोकं काढलं, दादाच्या कानाशी नेलं आणि हलवलं. खडखड, खडखड.

"काय ऐकू येतं?"

"काका, काय हे..."

"मी मेणबत्त्या विकतो रे बाबा. खुळखुळे नव्हे. दुकानात पोचेपर्यंत डझनातल्या चार मोडल्या. वात बाहेर, मेण आत. लोक काय त्या मोडक्या मेणबत्त्यांच्या उजेडात मला शिव्या लिहून काढणार?"

त्यांच्या मागून साबणवाल्या बाई आल्या. त्या कधी आवाज चढवत नसत. त्यांनी आपलं खोकं टेबलावर ठेवलं, झाकण उघडलं. आत साबणाची वडी एका अंगाला कलंडलेली होती, मोठ्या माणसाच्या पलंगावर पोर निजावं तशी.

"दिसायला फार सुरेख आहे हो," त्या म्हणाल्या. "पण माझं नाही हे."

दादाने दोन्ही खोकी उलटीपालटी केली. मग मान वर न करता विचारलं, "मापं कुणी लिहून दिली होती?"

"मी," मधली म्हणाली.

"वहीतून?"

"वहीतून."

"की मनातून?" आता त्याने वर पाहिलं. "हे बघ मधले, तुला विकायचं नाही तर तोंडावर सांग. पण मापं चुकीची लिहून द्यायची, त्या लोकांचा माल मोडायचा, आणि मला यांच्यासमोर खाली बघायला लावायचं? एवढी खोल कधीपासून झालीस तू?"

"अहो," वहिनी म्हणाली. धाकटा चहा ढवळत राहिला. त्या चहात साखर केव्हाच विरघळली होती.

मधलीला राग यायला हवा होता. त्याऐवजी तिला खोली फार मोठी वाटली. आपल्याला आयुष्यात एकच गोष्ट येते, माप. आणि नेमकं तेच आपण खोटं केलं असं आपल्या सख्ख्या भावाला वाटू शकतं. अण्णा असते तर त्यांनी नुसतं "हं" केलं असतं, आणि त्या "हं"ने विषय संपला असता. तिच्या बाजूने "हं" म्हणणारं जगात आता कुणी उरलं नव्हतं.

तिने फळीवरून माप-वही काढली, पान उघडलं आणि दादासमोर ठेवलं. अण्णांचं अक्षर: मेणबत्ती, सहा–तीन–दोन. त्याशेजारी तिने दादाला दिलेल्या कागदाची नक्कल: सहा–तीन–दोन.

"मग कंपनी चुकली असेल," आत्या म्हणाली.

"कंपनीत यंत्रं आहेत, आत्या."

"यंत्रं काय आकाशातून पडतात? तीही कुणाच्या तरी पोटची."

धाकट्याने कप ठेवला. तो वायरमन, पट्ट्याला स्टीलचा टेप कायम अडकवलेला. त्याने तो खर्रकन ओढला.

"टेप आत नको..." मधलीच्या तोंडून निघून गेलं. दुसरं माप कारखान्यात आणायचं नाही, हाही अण्णांचाच नियम. चहाच्या नियमाचं कारण तरी सगळ्यांना कळायचं. याचं कुणालाच कधी कळलं नव्हतं.

"आता कोण रागावणारे, ताई," धाकटा हळूच म्हणाला आणि त्याने कंपनीचं खोकं मोजलं. "सहा. अगदी सहा. दादा, कंपनी बरोबर आहे." मग काकांच्या पिशवीतून डोकावणारं जुनं, करड्या पुठ्ठ्याचं खोकं त्याने काढलं, या टेबलावर झालेलं. टेप लावला. परत लावला. "पावणेसहा."

"हट्," काका म्हणाले. "तीस वर्षं सहाचंच खोकं घेतोय मी."

"पावणेसहा आहे, काका. रुंदी पावणेतीन. उंची पावणेदोन. सगळीकडे दोन सूत कमी." सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, या खोलीत इंचाच्या खालचं सगळं सुतातच बोललं जायचं.

मधलीने जाऊन खिळ्यावरची पट्टी काढली. धाकट्याने टेप तिच्या शेजारी ताणून धरला. पट्टीवरचा चोवीसचा आकडा पावणेचोवीसवर पडला. तिने बोटाने पट्टीचं सुरुवातीचं टोक चाचपलं. वर्षानुवर्षांच्या खळीने ते काळं, गुळगुळीत झालं होतं. नखाने खरवडलं तेव्हा खालून लाकूड दिसलं, आणि लाकडावर करवतीच्या बारीक आडव्या रेघा. एकचा आकडा टोकाच्या जरा जास्तच जवळ बसला होता. बावीस वर्षं ती हा एक बघत आली होती. बघत आली, म्हणून तर तिला तो कधी दिसला नव्हता.

आत्या अचानक हसायला लागली. हसता हसता तिने पदराने डोळे टिपले, आणि मग कळलं की ती हसत नाहीये.

"तेवढे दोन सूत माझ्या नावावर आहेत गं," ती म्हणाली. "नऊ वर्षांची होते. त्या मधल्या खिडकीची कडी अडकली होती, मी पट्टी घालून उचकटायला गेले. टोक मोडलं. तुमचे आजोबा कसे होते हे तुम्हाला कुणी धड सांगितलंच नाही. संध्याकाळी पट्टी त्यांच्या हातात आली असती, तर आधी माझ्या पाठीवर आली असती. तुमचा बाप एकोणीसचा. त्याने मोडकं टोक करवतीने सरळ केलं, खळ चोळली, जागच्या जागी टांगली. ताकास तूर लागू दिली नाही. पुढच्या महिन्यात आजोबा अंथरुणाला लागले, आणि कारखाना आला याच्या अंगावर."

"आणि मग?" साबणवाल्या बाईंनी विचारलं.

"मग काय, काम. त्याच्या लक्षातच राहिलं नाही. दुसऱ्या वर्षी कशावरून तरी ट्यूब पेटली. नवी पट्टी घेऊनही आला होता. मग संध्याकाळी परत करून आला."

"का?" दादा म्हणाला.

आत्याने काकांकडे हात केला. "यांच्या वडिलांना विचार."

काकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "आमचा साचा," ते सावकाश म्हणाले. "वडिलांनी साचा ओतून घेतला तो तुमच्या खोक्यावरून. खोकं आधी, साचा नंतर. मेणबत्ती खोक्यात घट्ट बसली पाहिजे म्हणून. म्हणजे माझी मेणबत्ती..."

"दोन सूत कमी," धाकटा म्हणाला.

"माझी साबण कापायची चौकटही," बाई म्हणाल्या. "तारा मी खोक्यावरूनच बांधल्या. आणि दुकानदाराने कप्पे केले ते माझ्या आणि काकांच्या खोक्यांवरून. टेम्पोवाल्याच्या पेट्या त्या कप्प्यांवरून." त्या थांबल्या. "अगंबाई."

"तो मला म्हणाला होता," आत्या म्हणाली, "'पट्टी बदलायला मला एक दिवस लागेल. पण मग मेणबत्तीवाल्याला साचा बदलावा लागेल, साचा बदलला की पेट्या, पेट्या बदलल्या की फळ्या. माझी चूक मी एकटा सांभाळीन, गावाला कशाला निस्तरायला लावू?' बस. त्या दिवसापासून दुसरं माप या दारातून आत नाही."

मधलीने विचारलं ते सगळ्यात शेवटी, आणि आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"मला का नाही सांगितलं?"

आत्या तिच्याकडे वळली.

"तुला सांगितलं असतं, तर तू नीट केलं असतंस, पोरी. तुझा स्वभाव त्याला ठाऊक होता."

खरंच होतं ते. तिने नीट केलं असतं. ज्याच्या समोर उभं राहून आपण आयुष्य काढलं त्याला आपण इतके ठाऊक होतो, आणि तो आपल्याला इतका कमी. ती पट्टी तिने दोन्ही हातांत धरून ठेवली.

दादा कचेरीतला माणूस. तो आधी सावरला. "ठीक आहे. मधले, मी बोललो ते मागे घेतो. चुकलं माझं. पण यात अडचण कसली? कंपनीला सांगतो, प्रत्येक मापातून दोन सूत वजा करा. सुतावरून स्वर्ग गाठायची गरज नाही."

"सांगा की," काका म्हणाले. "किती खोकी काढतात ते एका वेळी?"

"वेगळं माप असेल तर..." दादा अडखळला. "कमीत कमी पाच हजार."

"मला लागतात दोनशे. महिन्याला. पाच हजार ठेवू कुठे, उशाला? माझ्याच्याने एवढं जगणं होणार नाही रे, उरलेली खोकी मुलाला वारशात द्यावी लागतील." काका स्वतःच्याच विनोदावर हसले नाहीत. "नाकापेक्षा मोती जड होईल बाबा."

साबणवाल्या बाई कलंडलेली वडी सरळ करत होत्या. "मी पहिल्यांदा आले या दारात, तेव्हा मला चाळीस खोकी हवी होती," त्या म्हणाल्या. "चाळीस. शहरात चार ठिकाणी विचारून आले होते, हसले. अण्णांनी विचारलं, 'चाळीस कधी हवीत?' आज माझ्याकडे सहा बायका कामाला आहेत. त्यातली एक आता आपलं आपण अगरबत्तीचं बघतेय. तिला पंचवीस लागतील. तिला मी काय सांगू, पाच हजारांची हो, मग ये?" त्या दादाकडे बघून म्हणाल्या, "लहानाला लहानच लागतो, साहेब. मोठ्याला आम्ही दिसत नाही. त्यात मोठ्याचा दोष नाही. उंचीच तेवढी असते."

दादाने खिडकीबाहेर पाहिलं. मग तो टेबलाला वळसा घालून मधलीपाशी आला, आणि प्रथमच त्याचा आवाज थोरल्या भावाचा झाला.

"मी त्यांच्याबद्दल बोलतच नव्हतो गं. तुझ्याबद्दल बोलत होतो. खोकी चिकटवायला येणाऱ्या त्या चार बायका पाचला घरी जातील. हे सगळे आपापल्या घरी जातील. मग तू या खोलीत कुणाशी बोलणार? भिंतीशी? अण्णा होते तोवर ठीक होतं. आता तू पुठ्ठ्याचा ताव धरशील, तर दुसरं टोक कोण धरणार?"

हा एकच प्रश्न खरा होता.

पण बोलला धाकटा. टेप त्याने हातात घेऊन परत परत आत-बाहेर केला.

"हा दुसरा आहे," तो म्हणाला. "पहिला मी अण्णांसाठी आणला होता. पहिल्या पगाराचा. सतरा वर्षांचा होतो. कागदात गुंडाळून आणला, आणि त्यांनी दारातच परत दिला. म्हणाले, 'इथे नको.' बस, एवढंच. मी तो पुलावरून खाली टाकला." तो थांबला. "इतकी वर्षं मला वाटत आलं, त्यांना माझी कमाई नको होती. म्हणून मी यायचोच कमी. दादा, मी सही करणार नाही. ताईसाठी नाही म्हणत. माझ्यासाठी."

"गाडीत तू वेगळं बोललास."

"गाडीत मला माहीत नव्हतं."

दादाने मान डोलावली. सर्वात मोठ्याला हरतानाही ते सगळ्यांच्या आधी समजावं लागतं. त्याने चावी उचलली. "चारला त्या माणसाला मीच सांगतो. तुम्ही कुणी बोलू नका, उगीच फाटे फुटतील." दारात तो वळला. "खोली रिकामीच ठेवतो, मधले. खण भरणार नाही तिकडचे." वहिनीने कप गोळा केले, आणि तेव्हा तिला त्यांच्याखालची कातरणं दिसली. ती एकेक उचलून तिने चौकोनी चळत रचली, कडेला कडा लावून, आणि मधलीच्या हातात दिली.

काका जाताना म्हणाले, "दोनशे. बुधवारपर्यंत." साबणवाल्या बाईंनी नमुन्याचं खोकं कचऱ्याच्या पेटीत टाकलं, मग परत काढून घेतलं. "टाचण्या ठेवायला होईल," त्या म्हणाल्या. आत्याला धाकट्याने हात धरून पायऱ्या उतरवल्या. टेप मात्र तो टेबलावर विसरला. की ठेवून गेला, ते तिला सांगता आलं नसतं.

पाच वाजता उत्तरेच्या खिडक्यांतला उजेड करडा झाला. तिने टेबल पुसलं. टेप उचलला, दाराबाहेर नेला आणि बाहेरच्या अंगाला, घंटेच्या खिळ्यावर टांगला. मग आत येऊन दार लोटून घेतलं.

खळीचं भांडं ढवळलं. एक ताव ओढून कातरीखाली घातला. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. तिने त्यावर अण्णांचं स्टूल आडवं टेकवलं. ताव हलला नाही. पट्टी लावली, पेन्सिलीने तीन खुणा केल्या.

या खोलीत माप एकाने सांगायचं, दुसऱ्याने परत म्हणायचं, आणि मगच कातर ओढायची. सांगायचे अण्णा. परत म्हणायची ती. बावीस वर्षांत तिने माप कधी आधी उच्चारलंच नव्हतं.

"सहा–तीन–दोन," ती म्हणाली.

कातरीच्या दांड्यावर हात ठेवून ती थांबली. एका माणसाला आकडे ऐकून, मनात तपासून, परत म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ.

मग तिने दांडा खाली ओढला.